गॉडसलच्या बागेतली वहिवाट

चोवीस वर्षांत पहिल्यांदाच विलेमीन एनिडच्या दारात टॅक्सीतून उतरली. एरवी ती चर्चपाशी बसमधून उतरायची, बॅग खांद्याला लावायची, ओढ्यावरचा साकव ओलांडायची आणि गॉडसलच्या सफरचंदांच्या बागेतून चढ चढत दहा मिनिटांत एनिडच्या परसदारी हजर व्हायची. पुढच्या दाराने ती या घरात कधी शिरलीच नव्हती. ते दार उघडायला एनिडलाही दोनदा खांदा लावावा लागला.

“बघ, शेवटी पाहुणी झालीस,” एनिड म्हणाली. “या दाराने माझ्याकडे फक्त पाद्री आणि मतं मागणारे येतात.”

“मग मत देशील का मला?”

“आधी चहा घे. मत पिऊन झाल्यावर.”

गळाभेट वगैरे भानगड दोघींत नव्हती. हेरफर्डशरच्या त्या कोपऱ्यात माणसं एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत, आणि विलेमीन हॉलंडच्या उत्तरेकडची, तिकडे तर त्याहून कमी. ओळख झाली तीसुद्धा पावसाच्या कृपेने. चोवीस वर्षांपूर्वी विलेमीन आणि तिचा नवरा डाउवे तंबू घेऊन सुटीवर आले, तंबू गळायला लागला, आणि शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एनिडने दोघांना आपल्या चुलीपाशी आणून बसवलं. डाउवेने पुढे येणं सोडलं. या देशात चढउतार फार, असं त्याचं म्हणणं. विलेमीन मात्र भूगोलाच्या मास्तरीणबाई, तिला चढउतार बघायचेच होते. ती दर ऑगस्टमध्ये येत राहिली.

चहा झाल्यावर दोघी परसात गेल्या. बागेच्या फाटकाला साखळी होती आणि वर पाटी: खाजगी जागा, वाट बंद. म्हातारा बेन गॉडसल दोन वर्षांपूर्वी वारला, पुतण्याने जमीन विकली, आणि घेणारे निघाले लंडनचे, कोरे करकरीत रबरी बूट घालून फिरणारे. तशी माणसं वाईट नव्हती. पाटीसुद्धा त्यांनी छान रंगवून लावली होती. फाटकापलीकडे खाजरीचं रान कमरेएवढं माजलं होतं. ती नुसती घासून गेली तरी माणूस दिवसभर पाय खाजवत बसतो.

“ही बघ दशा,” एनिड काठीने दाखवत म्हणाली. “साखळी तर आत्ता गेल्या ऑक्टोबरात लागली. पण त्याच्या आधीपासूनच आमची गावकमिटी आळसावली. पूर्वी उन्हाळ्यात दोनदा खाजरी कापून वाट कशी लख्ख ठेवायचे! मी दर नाताळला कमिटीच्या चिटणिसाला फळांचा केक पाठवते त्याबद्दल. केक तेवढा घेतो मेला अजून. हात काही हलत नाही.”

एनिड अठ्ठ्याहत्तर वर्षांची. डोळ्यांत मधोमध काळा डाग बसला तसं तिचं गाडी चालवणं सुटलं. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. बस, दुकान, चर्च आणि चर्चमागची जेफची, म्हणजे तिच्या नवऱ्याची कबर, सगळं ओढ्यापलीकडे. रस्त्याने जायचं तर दीड मैल, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच झुडपांचं कुंपण, कडेला पाऊल टेकायला जागा नाही, आणि वळणावरून ट्रॅक्टर थेट अंगावर येतो. मुलीने रेडिंगला एक खोली रंगवून तयार ठेवली होती. वाट उघडली नाही तर या घरातला हा शेवटचा ऑगस्ट, हे दोघींनाही कळत होतं. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

नव्या मालकांनी पत्र पाठवलं होतं, की श्रीमती वॉटकिन्स यांना एकटीला जाऊ द्यायला आम्हाला आनंदच वाटेल. ते पत्र एनिडने कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरलं.

“तुझी सोय तर झाली असती,” विलेमीन म्हणाली.

“आज आनंदाने देतील, उद्या दुःखाने काढून घेतील. आणि पोस्टातली ती पोरगी काय करणार? बाबागाडी घेऊन ट्रॅक्टरखाली जाऊ दे? चाळीस वर्षं मी त्या वाटेने कुणाच्या बापाला न विचारता चालले, आता मेहेरबानी म्हणून चालू?”

मग आत येऊन दुसऱ्या चहावर तिने सगळा कायदा समजावून सांगितला. गावातल्या एका निवृत्त वकिलाने तो तिच्याकडून घोकून घेतला होता. लोक सलग वीस वर्षं एखाद्या वाटेने चालले असतील तर ती वहिवाटीची होते, मग मालक कुणी का असेना. अटी तीनच. जोरजबरदस्तीने चाललेलं नको, लपूनछपून चाललेलं नको आणि विचारून चाललेलं नको.

“विचारून नको?”

“अगं, विचारलं म्हणजे वाट त्याची आहे हे आपणच कबूल केलं ना! आणि तो ‘जा’ म्हणाला की ती झाली परवानगी. संपला हक्क.” एनिडने कप खाली ठेवला. “पण काळजी नाही. इथे कोण विचारतंय?”

हे खरं होतं. ही माणसं बसमध्ये स्वतःचाच पाय तुडवला गेला तरी माफी मागतात, दुसऱ्याच्या घरात पाणी प्यायला तीनदा परवानगी काढतात. पण बापजाद्यांच्या पायवाटेचं मालकाला विचारायचं हे त्यांच्या स्वप्नातसुद्धा येत नाही.

विलेमीनच्या हातातला कप तसाच राहिला. तिने विचारलं होतं.

वहिवाटीच्या साक्षीचे फॉर्म सोमवारी जिल्हा कचेरीत पोचायला हवे होते. अकरा जणांनी भरून दिले, पण त्यांतले सात गावात नवे, आणि उरलेल्या चौघांपैकी दोघांना साल धड आठवेना. खरी भिस्त होती ती विलेमीनवर. तिला रोज रोजनिशी लिहायची खोड होती, आणि त्यातून काढलेल्या चोवीस उन्हाळ्यांच्या तारखा तिने दोन कागदांवर नीट उतरवून आणल्या होत्या. बाहेरचा माणूस, ज्याचा ना कशात हितसंबंध ना गावात भाऊबंद. वकील म्हणाला होता, एवढा एक फॉर्म बाकीच्या अकरांना भारी पडेल.

संध्याकाळी एनिडने तिला फॉर्म वाचायला लावला. नाव, पत्ता, कधीपासून, वर्षाला किती वेळा. आठवा प्रश्न होता: या वाटेने जाण्यासाठी आपण कधी जमीनमालकाची परवानगी मागितली होती का?

विलेमीनने सातव्यानंतर पेन मिटलं. “आज डोळे थकलेत गं. उरलेला उद्या.”

डच माणसाला खरं बोल म्हणून सांगावं लागत नाही, उलट थांबवावं लागतं. तेव्हा विलेमीनसारखी बाई प्रश्न टाळून झोपायला गेली म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. तिला तो दिवस आठवत होता. जेफ गेल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. एनिड दाताच्या डॉक्टरकडे गेलेली, आणि विलेमीन पहिल्यांदाच बागेतून एकटी निघालेली. तिच्या मुलखात प्रत्येक शेताभोवती पाण्याचा चर असतो आणि दुसऱ्याच्या शेतात कुणी उगाच पाय टाकत नाही. एनिड बरोबर असताना प्रश्न नव्हता, पण एकटीला ते चोरासारखं वाटलं. झाडांखाली म्हातारा गॉडसल विळा घेऊन उभा होता. तिने सरळ जाऊन विचारलं, इथून गेले तर चालेल का? तो काहीबाही बोलला आणि त्याने ओंजळभर पिवळे प्लम दिले. ते आपण बाजारातून घेतले असं तिने एनिडला सांगितलं होतं, कारण एनिडचं आणि गॉडसलचं पटत नसे. ते खोटं तिला आता सतरा वर्षांनी टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी हवा सुरेख होती. घराच्या वरच्या अंगाला एक पायवाट होती, तिच्यावर कुणाचा वाद नव्हता, कारण ती नुसती डोंगरावर जायची, आणि डोंगरावर बस येत नाही. एनिडने सँडविचं बांधली, थर्मास घेतला आणि विलेमीनच्या कोपराला धरून निघाली. कुंपण आलं की पायऱ्या चढून पलीकडे उतरायचं, मेंढ्यांनी मान वर करून बघायचं, आपण त्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं, असा त्यांचा चोवीस वर्षांचा रिवाज. कुठे दगड निसटता आहे आणि कुठे चिखल राहतो हे डोळे गेलेल्या एनिडलाच जास्त माहीत होतं.

“डावीकडे धर. तिथे बैलाचं शेण पडलंय.”

“तुला कसं दिसलं?”

“दिसायला कशाला हवं? नाक शाबूत आहे.”

माथ्यावर दोघी गवतात बसल्या. पश्चिमेला वेल्सचे डोंगर एकामागे एक निळे होत गेलेले, खाली शेतांचे हिरवे-पिवळे तुकडे, मधे ओढ्याकाठची झाडी आणि चर्चचा बुटका मनोरा. विलेमीनला हा देखावा स्वतःच्या अंगणाइतका पाठ होता. आज तिला त्याच्याकडे बघवेना. एनिडने चीजचं सँडविच तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, “सांग मला काय काय दिसतंय ते. पुढच्या वर्षी रेडिंगच्या खिडकीतून समोरच्या गॅरेजचं वर्णन ऐकायचं आहे मला.”

पहिल्यांदाच तिने ते नाव घेतलं. आणि विलेमीनला राहवलं नाही.

“एनिड, मी विचारलं होतं.”

“काय विचारलं होतंस?”

“गॉडसलला. बागेतून जाऊ का म्हणून. सतरा वर्षांपूर्वी. ते प्लम बाजारातले नव्हते, त्याने दिले होते.”

एनिड चावायची थांबली. खाली कुठेतरी एक मेंढी ओरडली.

“तू विचारलंस,” ती सावकाश म्हणाली. “त्या माणसाला. ज्याने उभ्या जन्मात मला गुड मॉर्निंग म्हटलं नाही, मला बघितलं की जो पाठ फिरवायचा, त्याला तू विचारायला गेलीस?”

“मला वाटलं, तेच सभ्यपणाचं.”

“सभ्यपणाचं!” एनिडने सँडविच पुन्हा कागदात गुंडाळलं. मग म्हणाली, “ऐक. त्याच्या-तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि तो मेला. आठव्या प्रश्नाला ‘नाही’ लिही आणि पुढे हो.”

“ते नाही जमायचं मला.”

“मग रिकामं सोड.”

“रिकामं म्हणजे पण खोटंच की.”

“कमाल आहे! चोवीस वर्षं माझ्या हातचं खातेस आणि तुला एक शब्द खोटा लिहवत नाही?”

“तुझ्यासाठी म्हणशील ते करीन. पण सही करून खोटं, तेही सरकारी कागदावर… नाही गं. सत्तर वर्षं नाही केलं मी.”

उतरताना एनिडने विलेमीनचा कोपर धरला नाही, काठीनेच चालली, आणि एकदा घसरली तरी हात पुढे केला नाही. घरी आल्यावर मात्र कमालीच्या सभ्यपणे वागायला लागली. “आणखी बटाटे घेणार का? टॉवेल बदलून देऊ का?” त्या देशात माणूस भांडतो तेव्हा आवाज चढवत नाही, आदर वाढवतो. विलेमीनने शिव्या आनंदाने खाल्ल्या असत्या. आपण या घराची पाहुणी खरोखरच झालो, असं वाटून तिला रडू आलं. सकाळची गाडी पकडावी का, असंही एकदा मनात येऊन गेलं.

शनिवारी सकाळी ती खाली आली तेव्हा एनिड टेबलाशी बसली होती. समोर अंडं गार झालेलं.

“मला झोप नाही,” एनिड म्हणाली. “तुझ्यावर चिडून नाही. म्हणजे चिडलेही आहे, ते सोड. पण मी स्वतः तुला खोटं लिही म्हणाले. जेफने ऐकलं असतं तर तोंड फिरवलं असतं. ‘हो’ लिही. जे व्हायचं ते होऊ दे.” मग ती पुढे वाकली. “आता एक सांग. तो म्हणाला काय? ‘जा’ म्हणाला?”

विलेमीन आठवत राहिली. “विळा आठवतो. प्लम आठवतात. जाऊ दिलं एवढं आठवतं. बोलला बराच, पण शब्द गेले गं.”

“बेन गॉडसल बराच बोलला? मग तर ऐकायलाच पाहिजे. तू लिहिलं असशील की! तू तर उकडलेल्या अंड्याचंसुद्धा लिहून ठेवतेस.”

लिहिलं होतंच, पण ती वही तिकडे, समुद्रापार, माळ्यावरच्या खोक्यात. तारखा उतरवताना तिने फक्त वरची ओळ बघितली होती. विलेमीनने डाउवेला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून फोन बरणीला टेकवून ठेवला. माळ्यावर चढायचं म्हटल्यावर डाउवेने आधी गुडघ्यांची हकिकत सांगितली. मग खोकी सरकल्याचे, शिंकल्याचे आणि काहीतरी पडल्याचे आवाज आले. एनिडला डच कळत नव्हतं, तरी “हा चढउतारालाच वैतागलाय ना?” एवढं तिने बरोबर ओळखलं.

“सापडलं,” डाउवे म्हणाला. “चौदा ऑगस्ट. तुझं अक्षर म्हणजे… थांब, चष्मा.”

तो एकेक ओळ वाचत गेला आणि विलेमीन एनिडला सांगत गेली.

“‘सकाळी एकटी बागेतून निघाले. म्हातारा गॉडसल खाजरी कापत होता. मी विचारलं, इथून गेले तर चालेल का. तो म्हणाला, मला काय विचारता बाई? जमीन माझी आहे, वाट माझी नाही. ती मी कुणाला देऊ शकत नाही आणि कुणाची काढू शकत नाही. ज्यांना जायचंय त्यांची ती. माझा बाप ती साफ ठेवायचा, म्हणून मी ठेवतो.’”

एनिडचा हात टेबलावर पडला. “पुन्हा सांग.”

विलेमीनने पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तिलाही अर्थ कळला. परवानगी मागितली होती खरी, पण त्याने ती दिलीच नव्हती. जे द्यायचं ते आपल्या हातात नाही, असं खुद्द मालकाने आपल्या तोंडाने सांगितलं होतं, आणि त्याच दिवशी तारीख घालून ते लिहिलं गेलं होतं.

“पुढे आहे अजून,” डाउवे ओरडला. “‘तो म्हणाला, नवरा गेल्यापासून वॉटकिन्सबाई इथून एकट्या जातात, कबरीकडे. माणूस दुःखात असला म्हणजे त्याच्याशी काय बोलावं ते मला सुचत नाही, म्हणून मी तोंड फिरवून उभा राहतो. पण पायांना खाजरी लागू नये एवढं बघतो.’”

एनिडचे ते अर्धेमुर्धे डोळे भरून आले आणि ती पुसायच्या भानगडीत पडली नाही.

“म्हणजे कमिटी नव्हतीच,” ती म्हणाली. “तो कापायचा. आणि जेफ गेल्यापासूनचे सोळा-सतरा केक तो चिटणीस गिळून बसला! एकदाही बोलला नाही गं, की बाई हे आमचं काम नव्हे. आणि बेनच्या घरी मी एक तुकडाही… त्याच्या मयतीला गेले तीसुद्धा मागच्या बाकावर बसून परत आले.”

“अजून दोन ओळी आहेत,” डाउवे म्हणाला. “‘प्लम दिले. आणि म्हणाला, तुमच्या मैत्रिणीला सांगा, जाताना फाटकाची कडी लावत जा. माझ्या मेंढ्या तीनदा चर्चमध्ये शिरल्या. एनिडला यातलं काही सांगणार नाही, कडीचं ऐकून चिडेल.’”

“मी?” एनिड ताठ झाली. “मी कडी लावत नव्हते? चाळीस वर्षं…” मग ती थांबली. जेफ गेल्यावरच्या त्या उन्हाळ्यात आपण काय लावत होतो आणि काय उघडं टाकत होतो ते तिला खरंच सांगता आलं नसतं. “आण तो फॉर्म,” ती म्हणाली.

विलेमीनने आठव्या प्रश्नापुढे ‘हो’ लिहिलं आणि खाली गॉडसलचे शब्द, जसेच्या तसे. खाजरीचं लिहिलं, त्याच्या बापाचं लिहिलं. वाचून दाखवलं आणि सहीकडे वळली.

“थांब. कडीचं कुठे आहे?”

“ते कशाला? त्याचा इथे काय संबंध?”

“संबंध म्हणजे? मी येत-जात होते हे त्याला पक्कं माहीत होतं, हा संबंध. आणि माणसाचे शब्द लिहायचे तर सगळे लिहायचे. तूच म्हणालीस ना, रिकामं सोडलेलं पण खोटंच?” एनिडने बोट कागदावर टेकवलं, ते दोन ओळी खालीच टेकलं. “लिही. वॉटकिन्सबाई कडी लावत नसत. मेंढ्या चर्चमध्ये गेल्या. तीनदा.”

विलेमीनने ते लिहिलं. सही केली. वहीच्या त्या पानाचा फोटो डाउवे पाठवणार होता, पोस्टातली पोरगी दुपारी पाकीट न्यायला येणार होती. कचेरी निकाल देईल तेव्हा देईल, तिच्या कामाचा वेग सगळ्यांना माहीत होता. पण एनिडने रेडिंगला फोन करून सांगितलं की नाताळला येईन, चार दिवस, आणि परतीचं तिकीट आधी काढ.

पोरगी येईपर्यंत दोघी परसात जाऊन उभ्या राहिल्या. एनिडने विलेमीनचा कोपर धरला होता. फाटकाला नव्या मालकांची साखळी तशीच होती आणि तिच्याखाली जुनी लोखंडी कडी मोकळी लोंबत होती. एनिडने चाचपत ती शोधली, वर उचलली आणि खटकन तिच्या जागी बसवली.

“लावली हो कडी,” ती बागेकडे तोंड करून म्हणाली, आणि मग चहाला आत गेली.